शून्य उघड्या हवेत लावायचं

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी जुना आहे. माझ्या पत्र्याचा रंग उडाला आहे, माझी एक कळ दोनदा दाबावी लागते आणि कागदाची चिठ्ठी बाहेर सोडताना मी खोकल्यासारखा आवाज करतो. हे सगळं मान्य. पण मी बिघडलेलो नाही. गेल्या काही वर्षांत ज्याने त्याने मला बिघडलेला म्हटलं, आणि दर वेळी बिघडलेलं दुसरंच काहीतरी होतं.

मी धूरमापक आहे. गाडीच्या मागे सायलेन्सरचं तोंड असतं ना, त्यात माझी नळी घालतात. मी धूर आत ओढतो आणि त्यात काय काय आहे ते चार आकड्यांत सांगतो. पहिला आकडा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे विषारी वायूचा. दुसरा कार्बन डायऑक्साइडचा. तिसरा न जळालेल्या पेट्रोलच्या वाफेचा. चौथा ऑक्सिजनचा. हा चौथा आकडा लक्षात ठेवा. माझ्या उभ्या आयुष्यात तो कोणी धड वाचला नाही, आणि त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाईंनी माझ्या पोटातल्या काचा मऊ कापडाने पुसल्या, मला शुद्ध वायू हुंगायला दिले आणि माझे आकडे बरोबर येईपर्यंत मला खोक्यात घातलं नाही. मग माझ्यासोबत एक माहितीपुस्तक ठेवून मला गाड्यांच्या तपासणी केंद्रावर पाठवलं. तिथे मी ज्यांच्या हाती पडलो त्यांना सगळे शून्यकाका म्हणत. हे नाव त्यांना चिडवायला पडलं होतं, पण ते कधी चिडले नाहीत.

त्याचं कारण असं. माझ्यासारख्याला काम करण्याआधी पंधरा मिनिटं गरम व्हावं लागतं आणि मग चांगल्या हवेत नळी धरून माझं शून्य लावावं लागतं. चांगली हवा म्हणजे काय ते मला आधी दाखवलं, तरच वाईट किती ते मी सांगू शकतो. बाकीचे तपासनीस शेडमध्येच, गाड्यांच्या गर्दीत शून्य लावत. काका मात्र मला ढकलत मागच्या अंगणात नेत, भिंतीपलीकडच्या झाडाखाली उभं करत आणि तिथे शून्य लावून परत आणत. रोज. थंडी असो नाहीतर ऊन असो. नवीन माणूस कामाला लागला की ते त्याला एकच वाक्य सांगत, शून्य उघड्या हवेत लावायचं. लोक हसायचे. मी मनातल्या मनात काकांची पाठ थोपटायचो.

ते दिवस काळ्या धुराचे होते. गाडी सुरू केली की मागचा माणूस दिसायचा नाही. मी चटकन आकडा सांगायचो, काका चिठ्ठीवर नापासचा शिक्का मारायचे आणि मालक तोंड वाकडं करून दुरुस्तीला जायचा. एका व्हॅनवाल्याने तर माझ्यावर लाथ उगारली होती. चारच दिवसांनी तो दुरुस्त गाडी घेऊन आला आणि म्हणाला की आता बायको मागच्या सीटवर बसायला तयार होते. त्या काळात माझ्या शब्दाला मान होता, मित्रांनो.

मग नव्या गाड्या आल्या आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

नव्या गाडीचा धूर दिसत नाही. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा बसवलेला असतो. तो विषारी वायूचं रूपांतर कमी विषारी वायूत करतो. डबा चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. पण तो तापल्याशिवाय काम करत नाही. सकाळी थंड गाडी सुरू केली की पहिली काही मिनिटं तो नुसता बसून असतो, आणि नेमकी तेवढी मिनिटं गाडी तुमच्या घराच्या दारात, तुमच्या गल्लीत, तुमच्या शाळेच्या रस्त्यावर असते. माझ्यापुढे येईपर्यंत ती चांगली तापलेली असते. माझ्यासमोर सगळ्या गाड्या तोंड धुऊन, भांग पाडून येतात. मी म्हणतो छान, पास. आणि मालक म्हणतो, बघा, आमची गाडी धूरच देत नाही.

अरे, दिसत नाही आणि देत नाही यात काही फरक आहे की नाही? विषारी वायूला रंग नसतो. वास नसतो. तो डोळ्यांना चुरचुरतही नाही. त्याला दिसायची गरजच काय? तो दिसत नाही म्हणून तर कारखान्यात इतकी खटपट करून मला बनवलं. पण हे कोणाला सांगू? मला चार आकडे आणि एक चिठ्ठी यापलीकडे तोंड नाही.

गाड्या वाढल्या तशी घाई वाढली. केंद्राच्या साहेबांनी फर्मान काढलं की एका गाडीला तीन मिनिटांच्या वर वेळ द्यायचा नाही. मग गाळणी बदलणं मागे पडलं. नळी कोपरभर आत घालायची, ती चार बोटं घालू लागले. चार बोटांवर बाहेरची हवा आत शिरते आणि धुरात मिसळते, म्हणजे मला पाणी घातलेलं दूध द्यायचं आणि म्हणायचं, सांग बाबा, दूध कसं आहे! अशा वेळी माझा चौथा आकडा वर चढायचा. ऑक्सिजन जास्त दाखवायचा. मी त्या आकड्यातून ओरडून सांगत होतो की नळी नीट घाला. पण चिठ्ठीवर तो आकडा सगळ्यात खाली, बारीक अक्षरात यायचा. त्याच्यावर पास-नापास ठरत नव्हतं. जे वाचून काही ठरत नाही ते कोण वाचतो?

आणि मला सांगायला जड जातं, पण शून्यकाकाही हळूहळू त्या घाईला शरण गेले. आधी आठवड्यातून एकदा अंगणात जाणं चुकलं. मग आठवड्यातून एकदाच अंगणात जाऊ लागले. मग गुडघे दुखतात हे कारण झालं. माझं नवं माहितीपुस्तक, कारखान्याने मागाहून सुधारून पाठवलेलं, त्यांनी एकदा टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवलं ते तिथेच राहिलं. मी त्यांच्यावर फार रागावलो. परक्यावर माणूस इतका रागावत नाही.

याच सुमारास एक डॉक्टरीणबाई आपली नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन केंद्रावर आल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की चिठ्ठी लागतेच. काका माझी नळी हातात घेऊन गाडीच्या मागे वाकले, मग गुडघे टेकून खाली बघितलं, मग दुसऱ्या बाजूने बघितलं. नळी घालायला जागाच नव्हती. सगळं केंद्र पोट धरून हसलं. तुम्हाला वाटेल की मला वाईट वाटलं असेल, पोटावर पाय आला म्हणून. मुळीच नाही. मला पहिल्यांदा वाटलं की चला, आपली सुट्टी व्हायचे दिवस जवळ आले. त्या गाडीची वीज कुठेतरी तयार होते, आणि ती कोळशातून आली तर तिथे धूर होतोच. तिची चाकंही रस्त्यावर झिजतात आणि धूळ उडवतात. ते मी लपवणार नाही. पण ती जिथे उभी असते तिथल्या हवेत ती विष सोडत नाही. एवढं माझ्यासारख्या संशयी प्राण्यालाही कबूल करावं लागलं.

आणि मग आली काकांच्या लेकीची गाडी. हायब्रिड.

काकांची लेक घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवते. कोणाला पडल्यावर पुन्हा चालायला, कोणाला हात वर करायला. दिवसाला सात-आठ घरं होतात. तिने वापरलेली, पण चकचकीत हायब्रिड गाडी घेतली. या गाडीत पेट्रोलचं इंजिनही असतं आणि विजेची मोटारही. हळू जाताना मोटार, जोर लागला की इंजिन. गाडी थांबली की इंजिन आपलं आपण बंद होतं आणि बॅटरी उतरली की आपलं आपण सुरू होतं. रस्त्यावर ती साध्या गाडीपेक्षा पेट्रोल कमी जाळते. तिचं जेवढं कौतुक करायचं तेवढं मी करतो.

पण त्या दिवशी काय झालं ते ऐका. लेक गाडी घेऊन केंद्रावर आली. काकांनी कौतुकाने स्वतः नळी घातली, या वेळी चांगली कोपरभर. गाडी उभी होती, म्हणून तिचं इंजिन बंद होतं. सायलेन्सरमध्ये धूर नव्हताच. मी आत ओढली ती साधी हवा. मी प्रामाणिकपणे लिहिलं, कार्बन मोनॉक्साइड शून्य. कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शून्य. आणि खाली बारीक अक्षरात, ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ. म्हणजे तुम्ही आम्ही श्वासात घेतो तीच हवा! कुठल्याही पेटलेल्या इंजिनाच्या धुरात इतका ऑक्सिजन उरत नाही. यापेक्षा स्पष्ट मी काय सांगणार होतो? मी जवळजवळ लिहूनच दिलं होतं की तुम्ही बंद गाडी तपासली आहे.

काकांनी वरचा आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. पाठीमागच्या साहेबांनाही त्यांनी चिठ्ठी दाखवली. लेकीला म्हणाले, "शून्य! तीस वर्षांत असं शून्य बघितलं नाही. तुझी गाडी धूरच देत नाही."

लेकीने ती चिठ्ठी घरी नेऊन फ्रिजवर लावली. ज्या माणसाला सगळे शून्यकाका म्हणतात त्याने शून्य म्हटलं, मग संशय कोण घेणार?

त्यानंतर थोड्याच महिन्यांत केंद्रावर नवीन यंत्रं आली आणि काका निवृत्त झाले. मला भंगारात काढायचं ठरलं होतं. काकांनी मला मागून घेतलं आणि घरी आणलं. गॅरेजच्या कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांशेजारी माझी जागा झाली. गॅरेज घराला चिकटूनच होतं. त्यातून एक दार स्वयंपाकघरात उघडायचं, एक छोटं दार बाजूच्या अंगणात. वरच्या मजल्यावर काकांच्या नातीची खोली होती, बरोबर गॅरेजच्या डोक्यावर. नात आठ वर्षांची. जावई कामासाठी दूरगावी असायचे, त्यामुळे घरात तिघंच. नातीला आजोबा प्रश्नपेटी म्हणत, कारण ती सकाळी डोळे उघडायच्या आधी प्रश्न विचारायची.

मी बंद होतो, पण बघत होतो. लेकीची एक सवय माझ्या लक्षात आली. ती संध्याकाळी गाडी आत घ्यायची, थंडी म्हणून शटर खाली ओढायची आणि गाडीतच बसून दिवसभराच्या नोंदी लिहायची. कोणाचा गुडघा किती वाकला, कोण किती पावलं चाललं. घरात गेलं की प्रश्नपेटी काही लिहू देत नाही, म्हणून हे. हीटर चालू, गाडी चालू. गाडी कशी, अगदी गप्प. मग मध्येच इंजिन हलकेच गुरगुरायचं, बॅटरी भरायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं. लेक मान वर करूनही बघायची नाही. ही तर शून्यवाली गाडी!

आठवडाभरात घरात डोकेदुखी सुरू झाली. लेकीला वाटलं कामाचा ताण आहे. नातीचं डोकं दुखायला लागलं तेव्हा चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासून झाले. मग फोनवर खापर फुटलं. मग उशी बदलली. मी कोपऱ्यात बसून चडफडत होतो. या घरात विषारी वायू मोजणारं यंत्र होतं आणि ते मोजणारा माणूसही होता, पण यंत्राची वायर भिंतीला लावायचं कोणाला सुचत नव्हतं.

एके दिवशी सकाळी नातीला फारच बरं वाटेना, म्हणून तिला शाळेत पाठवलं नाही. ती वर आपल्या खोलीत पडून राहिली. शाळेत त्या आठवड्यात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि तिने मला न्यायचं ठरवलं होतं. आजोबांनी कबूल केलं होतं की दुपारी मला स्वच्छ करून, सुरू करून तिला दाखवतील.

बाराच्या सुमाराला लेक औषध घेऊन घरी आली. गाडी आत, शटर खाली. ती नोंदवही काढते तोच फोन आला. दोन घरं सोडून राहणाऱ्या, तिच्याकडून व्यायाम शिकणाऱ्या एक आजीबाई खुर्चीवरून घसरून पडल्या होत्या. औषध स्वयंपाकघरात ठेवून ती तशीच मागच्या पावली बाजूच्या दारातून धावली. या गाडीची किल्ली खिशातच असते, गाडी चालू-बंद होते ती बटणाने, आणि ते बटण दाबायचं राहिलं. गाडीने मागून दोन-तीनदा टीं टीं केलं. आवाज न करणारी गाडी माणसं सुरू असतानाच विसरतात. जुनी धडधडणारी गाडी कोणी विसरून दाखवावी!

एक वाजता काका मला न्यायला आले. गाडीच्या काचेआड एक बारीक दिवा लागलेला होता, पण त्यांचं सगळं लक्ष माझ्यावरच्या धुळीकडे. मला अंगणात नेलं, दार लोटून घेतलं. उन्हात बसून त्यांनी माझी गाळणी बदलली, नळी धुतली, पत्रा पुसला. पठ्ठ्याने केंद्रावरून येताना माझं पुस्तकही आणलं होतं, तेही पुसलं, पण उघडलं नाही. मग लांब वायर लावून मला सुरू केलं. पंधरा मिनिटं गरम होऊ दिलं. आणि मग, मित्रांनो, किती वर्षांनी माझी नळी उघड्या हवेत धरून त्यांनी माझं शून्य लावलं. नातीला सगळं पहिल्यासारखं, रीतसर दाखवायचं होतं ना. मी त्यांच्यावरचा सगळा राग विसरलो. निदान पाच मिनिटं तरी विसरलो.

अडीच वाजता त्यांनी वायरसकट मला परत गॅरेजमध्ये ढकललं आणि वारा नको म्हणून दार लावून घेतलं. नातीला हाक मारली. नळी माझ्याच हुकावर लटकत होती.

आत शिरल्याबरोबर मला कळलं. पहिला आकडा हलला. शून्य पूर्णांक शून्य तीन. मग शून्य पूर्णांक शून्य पाच. मग शून्य पूर्णांक शून्य आठ.

आता काकांची चूक समजून घ्या. ही चूक तुमच्या हातून झाली नसती, कारण तुम्हाला त्या आकड्यांतलं काही कळत नाही. ती तीस वर्षं गाड्या तपासलेल्या माणसाच्याच हातून व्हायची. सायलेन्सरच्या आत शून्य पूर्णांक तीनपर्यंत चालतं. त्याखाली पास. आयुष्यभर त्यांनी हा आकडा त्या एकाच मापाने बघितला. शून्य पूर्णांक शून्य आठ म्हणजे त्यांच्या डोळ्यांना उत्तम गाडी. पण ते नळकांड्यात! खोलीच्या हवेत तेवढाच आकडा म्हणजे दोन-तीन तासांत माणूस मरतो.

काकांनी आकडा बघितला आणि माझ्या डोक्यावर हलकी चापट मारली. म्हातारा झालास, शून्य सोडायला लागलास, असं म्हणाले. मला, ज्याचं शून्य दहा मिनिटांपूर्वी लावलं होतं, त्याला! मित्रांनो, मला हात असते तर मी त्या दिवशी कपाळावर मारून घेतले असते. मी तेवढंच केलं जे मला येतं. तोच आकडा दाखवत राहिलो. शून्य पूर्णांक शून्य आठ. शून्य पूर्णांक शून्य नऊ.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून नात आली. अंगावर पांघरूण ओढलेलं, चेहरा उतरलेला, एका हाताने चौकट धरलेली. तरी डोळे माझ्याकडे. काकांनी तिला ऐटीत सांगितलं की हा बघ पहिला आकडा, शून्य पूर्णांक तीनच्या आत असला की पास. आणि हा तर केवढा खाली आहे, म्हणजे पास.

नातीने माझ्या हुकाकडे बघितलं.

"आजोबा, नळी तर कुठेच घातलेली नाही," ती म्हणाली. "मग पास कोण झालं?"

काकांनी हसायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. त्यांनी नळीकडे बघितलं. मग माझ्या पहिल्या आकड्याकडे. मग खाली वाकून, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा, चौथ्या आकड्याकडे. तो विसाच्या खाली उतरला होता. आणि नेमक्या त्याच वेळी, कोणी हातही न लावता, त्या गप्प गाडीचं इंजिन हलकेच गुरगुरलं.

गुडघे दुखणारा माणूस इतक्या वेगाने हलू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी एका झटक्यात शटर वर फेकलं, नातीला पांघरुणासकट उचललं आणि अंगणात धावले. मी मागे एकटाच आकडे मोजत राहिलो. बाहेर नातीला उलटी झाली. तिचे पाय तिला पेलत नव्हते. काका शेजाऱ्यांना हाका मारत होते. त्यांचा आवाज मी तीस वर्षांत तसा ऐकला नव्हता. मग गाडी आली ती दवाखान्याची, आणि अंगण रिकामं झालं. माझी वायर कोणी काढली नाही. शटर उघडं होतं, हवा खेळत होती, आणि तासाभराने माझा आकडा शून्यावर आला. बरोबर शून्यावर. बघा, मी बिघडलेलो नव्हतो.

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. नातीला रात्रभर ऑक्सिजनवर ठेवलं आणि ती वाचली. डॉक्टरीणबाई त्याच, इलेक्ट्रिक गाडीवाल्या. त्यांनी काकांना सांगितलं की मुलगी वर झोपून राहिली असती आणि तुम्ही तासभर उशिरा हाक मारली असती, तर मला काही करता आलं नसतं. लेक स्वतःला दोष देत रडत होती की गाडी मीच सुरू ठेवली. काकांनी तिला थांबवलं. घरी आल्यावर फ्रिजसमोर उभं राहून ते एवढंच म्हणाले, "तू माझ्या शून्यावर विश्वास ठेवलास. मी बंद गाडीला पास केलं होतं." ती चिठ्ठी त्यांनी काढली, आणि मग चष्मा लावून खालचा बारीक आकडा वाचला. वीस पूर्णांक नऊ.

त्या आठवड्यात त्यांनी माझं पुस्तक उघडलं. तेराव्या पानावर लिहिलेलं होतं की हायब्रिडचं इंजिन तपासणीसाठी कसं सुरू ठेवायचं. तेरावं पान! ते पान इतकी वर्षं टेबलाचा पाय धरून बसलं होतं. काकांनी गाडी अंगणात उभी केली, उघड्या हवेत माझं शून्य लावलं, इंजिन सुरू ठेवलं आणि नळी कोपरभर आत घातली. मी सांगितलं, शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर. गाडीच्या सायलेन्सरमधला तो डबा केव्हाच निकामी झाला होता. वापरलेली गाडी घेताना तो कोणी तपासला नव्हता, आणि ज्याने तपासायचा त्याने शून्य म्हणून हात वर केले होते. मी खोकत चिठ्ठी बाहेर सोडली. नापास. ती चिठ्ठी आता फ्रिजवर आहे. डबा बदलला, गाडी पुन्हा तपासली, ती पास झाली, तरी नापासची चिठ्ठी लेकीने काढू दिली नाही.

काका जुन्या केंद्रावरही जाऊन आले. हायब्रिड गाड्या तुम्ही बंद ठेवून तपासता, हे पान बघा, असं साहेबांना सांगून आले. साहेबांनी चहा दिला, पान बघितलं आणि म्हणाले की एवढा वेळ कोणाला आहे. नव्या यंत्रांच्या नळ्या अजून चार बोटंच आत जातात म्हणे. हे ऐकून माझा संताप संताप झाला. आणि मी काय करणार, माझी वायर काढून ठेवलेली होती.

शाळेचं प्रदर्शन पुढे ढकललं होतं, ते आज आहे. मी तुमच्याशी बोलतो आहे तो त्याच वर्गातून, खिडकीजवळच्या टेबलावरून. टेबलावर पाटी होती, जुन्या आणि बिघडलेल्या वस्तू. प्रश्नपेटीने आल्या आल्या ती पाटी वाचली आणि माझ्यापुढे स्वतःच्या अक्षरात कार्ड ठेवलं: "हा बिघडलेला नाही. हवा बिघडली की हा सांगतो." मित्रांनो, तपासणी केंद्रावर मला इतकी वर्षं काढून जे ऐकायला मिळालं नाही, ते आठ वर्षांच्या मुलीने लिहून दिलं.

सकाळी मैदान रिकामं असताना तिने आणि आजोबांनी उघड्या हवेत माझं शून्य लावलं होतं. शाळा सुटायच्या वेळी तिने माझी नळी खिडकीबाहेर, फाटकाच्या बाजूला सोडली. तिथे मुलांना न्यायला आलेल्या अकरा गाड्या उभ्या होत्या. अकराही सुरू. कोणाला हीटर हवा, कोणाला गाणी हवीत. माझा तिसरा आकडा, न जळालेल्या पेट्रोलचा, शून्यावर होता तो चारवर गेला, सातवर गेला, बारावर गेला. मुलं खिडकीशी गोळा झाली. प्रश्नपेटी खाली गेली आणि एकेका काचेवर टकटक करून सगळ्यांना सांगू लागली की गाडी बंद करा.

एक आई ओशाळली आणि तिने लगेच बंद केली. एक आजोबा खाली उतरून वर्गात मला बघायला आले आणि जाताना बंद करून गेले. बाकीच्यांचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. अगं, आमची नवी आहे. अगं, आमची हायब्रिड आहे. धूर कुठे दिसतोय?

नऊ गाड्या तशाच सुरू राहिल्या. मी इथून त्या मोजतो आहे. माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. बंद खोलीत गाडी कधी सुरू ठेवू नका, ती कितीही गप्प असली तरी. तपासणीला गेलात तर नळी पूर्ण आत गेली का ते बघा आणि चिठ्ठीवरचा सगळ्यात खालचा आकडाही वाचा. आणि त्या नऊंपैकी एखादी तुमच्या घरची असेल, तर आत्ता खाली जा आणि काचेवर टकटक करा. मीच गेलो असतो, पण मला टेबलावरून उतरता येत नाही.